आईच्या तोंडचं वाक्य

मला ‘टॉवर’ हा शब्द डोळ्यांसमोर नको असतो. शब्दाने तुमचं काय घोडं मारलंय, असं आमचे सर विचारतात. सरांना विचारायला काय जातंय, त्यांना माझ्या भावासारखा भाऊ नाही. माझा धाकटा भाऊ एकविसाव्या मजल्यावर राहायला गेला आणि तेव्हापासून त्याचं एक वाक्य त्या शब्दावाचून पुरं होत नाही. आमच्या टॉवरमध्ये पाणी कधी जात नाही. आमच्या टॉवरमध्ये डास येत नाहीत. आमच्या टॉवरमध्ये वारा काय सुटतो म्हणून सांगू, ताई! अरे, वारा काय बिल्डरने नळाबरोबर बसवून दिलाय का तुला?

आणि नशीब बघा. कामाच्या ठिकाणीही तो शब्द माझ्याच गळ्यात पडला.

मी शब्दकोशाच्या कार्यालयात नोकरी करते. आमचा कोश जरा वेगळा आहे. लोकांच्या रोजच्या बोलण्यात जे इंग्रजी शब्द मुरलेत ते लोक कसे वापरतात, त्यांच्या जागी आणखी काय म्हणतात, कोण म्हणतं आणि कुठे म्हणतं, हे आम्ही त्यात देतो. कामं अक्षरांप्रमाणे वाटलेली आहेत. ‘एस’ माझं. त्यामुळे ‘स्कायस्क्रेपर’ माझा, आणि त्याच्या शेपटीला बांधलेलं सगळं गणगोतही माझंच: टॉवर, हायराइज, मल्टिस्टोरी, टॉवर ब्लॉक, आणि आपल्याकडच्या गगनचुंबी, उत्तुंग, बहुमजली.

टेबलाशी बसून बघितलं तर सगळे सारखेच. इमारत उंच, संपला विषय. पण कान देऊन ऐका, एकाच्या जागी दुसरा अजिबात चालत नाही. ‘स्कायस्क्रेपर’ म्हणणारा माणूस नेहमी खाली रस्त्यावर उभा असतो, मान वर करून. ‘मी स्कायस्क्रेपरमध्ये राहतो’ असं म्हणणारा मला आजवर भेटलेला नाही. राहणारा ‘टॉवर’ म्हणतो, आणि त्याच्याआधी न विसरता ‘आमचा’ लावतो. ‘हायराइज’ म्हणतो तो दलाल, त्याला ती विकायची असते. ‘मल्टिस्टोरी’ म्हणणाऱ्या पिढीने आता केस रंगवायचेही सोडून दिलेत. ‘गगनचुंबी’ भेटते वर्तमानपत्रात, आणि ती बहुतेक वेळा पेटलेली असते. ‘उत्तुंग’ फक्त उद्घाटनाच्या भाषणात, तेही माइक खरखरत असताना. ‘बहुमजली’ म्हटलं की लोकांना पुढे पार्किंग आठवतं. आणि ‘टॉवर ब्लॉक’ म्हटलं की समजायचं, आत गरीब माणसं कोंबलीत आणि लिफ्ट बंद आहे.

हे सगळं मी लिहून दिलं तेव्हा सर खूश झाले. सर म्हणजे आमचे मुख्य संपादक. पाठीमागे आम्ही त्यांना कानसेन म्हणतो, कारण त्यांचा डोळ्यांवर विश्वास नाही, कानांवर आहे. त्यांचा नियम असा की शब्दाखाली उदाहरणाचं जे वाक्य द्यायचं ते पुस्तकातलं नको आणि स्वतः रचलेलं तर नकोच नको. कुणीतरी खरोखर बोललेलं आणि आपण ऐकलेलं हवं. बरं, एवढ्यावर भागत नाही. पान छपाईला जाण्याआधी त्या माणसाला कार्यालयात चहाला बोलवायचं, सगळ्यांसमोर त्याचं वाक्य मोठ्याने वाचायचं, आणि त्याने म्हणायचं, ‘होय, हे माझं.’ याला आमच्याकडे होकार म्हणतात. होकाराला न्हावी येऊन गेलाय, नर्स येऊन गेलीय, एक निवृत्त न्यायाधीशही येऊन गेलेत आणि बशीतली सगळी बिस्किटं संपवून गेलेत. फोनवरचा होकार कानसेनना चालत नाही. फोनवर माणूस कशालाही हो म्हणतो, म्हणतात.

आता घरचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मी आणि आई जुन्या घरात राहायचो, तिसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद आणि चढा, लिफ्टचं नाव नाही. आईचे गुडघे गेले तसं तिचं खाली उतरणं कमी झालं आणि मग बंदच झालं. मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. मी होते ना! दूध मी आणायचे, भाजी मी, औषधं मी. डॉक्टर घरी यायचे. केस कापायलाही बाई घरी यायची. तिच्या चपला दारात उगाच पायांत येतात म्हणून मी त्या कपाटावर टाकून दिल्या. कशाला काही कमी पडू दिलं नाही मी तिला, आणि हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगीन.

आमच्या खिडकीसमोर, दोन गल्ल्या सोडून, भावाचा टॉवर. तो उभा राहिला आणि आमचं दुपारचं ऊन गेलं. आई दिवसभर खिडकीत बसून त्याच्याकडे बघायची. टक लावून बघायची. तो तिच्या डोळ्यांत सलतोय, हे मला दिसत होतं. शेजारणींनाही मी तेच सांगायचे, आईला तो टॉवर बघवत नाही हो. आई ते ऐकायची आणि काही बोलायची नाही. तिचा स्वभावच तसा. वडील होते तेव्हापासून तिचं एकच उत्तर ठरलेलं, ‘तुम्ही ठरवा.’ भाजी कुठली करू? तुम्ही ठरवा. पंखा लावू? तुम्ही ठरवा. अशा माणसाशी भांडताही येत नाही.

भांडायला भाऊ होता. दर रविवारी यायचा, घामाघूम होऊन, आणि बसायच्या आत सुरू व्हायचा.

‘ताई, आईला मी घेऊन जातो.’

‘ती काय कुंडी आहे, उचलली आणि नेली?’

‘इथे हाल होतायत तिचे.’

‘हाल? कोण म्हणालं हाल? तुझी बायको? ती शेवटची इथे कधी आली होती ते विचार तिला आधी.’

बायकोचं नाव काढलं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबतात. मला माहीत होतं, म्हणूनच काढलं. तो म्हणाला, ‘तुला आई हवी आहे ती तुझ्या सोबतीला. तिच्यासाठी नाही.’ मी म्हटलं, ‘आणि तुला ती हवी आहे शेजाऱ्यांना दाखवायला. बघा, आमचा टॉवर, आमची गाडी, आमची आई.’ माझा आवाज चढला, त्याचा चढला. आई आमच्या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसली होती. आम्ही तिच्या डोक्यावरून बोलत होतो आणि ती कधी याच्या तोंडाकडे, कधी माझ्या तोंडाकडे बघत होती.

शेवटी तो उठला. बूट चढवता चढवता म्हणाला, ‘आईला स्वतःच्या तोंडाने सांगू दे, मला यायचं नाही म्हणून. चारचौघांत सांगू दे, तुझ्या धाकात नाही. मग जन्मात परत विषय काढणार नाही मी. आणि नाही सांगितलं, तर गाडी घेऊन येतो आणि नेतो.’

‘सांगेल,’ मी म्हटलं. ‘चारचौघांतच सांगेल. तू ये ऐकायला.’

‘चहा तरी घे रे,’ आई म्हणाली. तो चहा न घेता धाडधाड जिना उतरून गेला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. माझ्या धाकात! आईची सगळी उस्तवार करायची मी, आणि हा आठवड्यातून एकदा येऊन मला ऐकवणार. त्याची खोड मोडायची असं मी तिथेच ठरवलं, आणि योगायोग असा की त्याच आठवड्यात मला ‘टॉवर’खालची वाक्यं भरायची होती.

भावाचं वाक्य माझ्याकडे तयारच होतं, या कानांनी ऐकलेलं. मागे एकदा आमच्या खिडकीशी उभा राहून तो म्हणाला होता, ‘आमच्या टॉवरवरून बघितलं ना, तर खालची माणसं अगदी मुंग्यांसारखी दिसतात.’ मुद्दाम तेच घेतलं. छापून येऊ दे, म्हटलं. कळू दे जगाला.

दुसरं वाक्य आईचं लिहिलं. ‘मरेपर्यंत मी त्या टॉवरची पायरी चढणार नाही.’

हे आई बोलली नव्हती. पण बोलली असती. सगळा जन्म तिच्याबरोबर काढलाय मी. तिच्या मनातलं मला नाही कळणार, तर काय त्या एकविसाव्या मजल्याला कळणार? मी खोटं काही लिहिलं नाही, ती बोलायच्या आधी लिहिलं इतकंच. आणि बेत अगदी सरळ होता. होकाराला दोघांनाही बोलवायचं. कानसेन वाक्य वाचतील, आई नेहमीसारखी मान डोलावेल, आणि भावाच्या तोंडाला चारचौघांत कुलूप लागेल. त्याचीच अट, त्याच्याच घशात.

कानसेननी पान वाचलं. आईचं वाक्य पुन्हा वाचलं.

‘हे तुमच्या आई म्हणाल्या?’

‘हो सर.’

‘पायरी म्हणाल्या?’

‘हो. का?’

‘टॉवर म्हणणारं माणूस पायरी म्हणत नाही. टॉवरला लिफ्ट असते.’

‘जुनं माणूस आहे, सर,’ मी म्हटलं. ‘रागात होती, आलं तोंडाला ते बोलली.’

‘असेल,’ ते म्हणाले. ‘होकाराला कळेलच. त्यांना जिना उतरवत नसेल तर मी येईन घरी.’

ते बरंच झालं, असं मला वाटलं. भावालाही घरीच बोलवू. संध्याकाळी आईला सांगितलं, आमचे सर येणार आहेत, तुझं एक वाक्य वाचून दाखवतील, तू फक्त हो म्हणायचं. कुठलं वाक्य ते मी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. ती दुसराच काहीतरी विचार करत होती.

‘त्यांना कशाला त्रास?’ ती म्हणाली. ‘मी येते तुझ्या ऑफिसात.’

‘अगं, उतरणार कशी?’

‘उतरव मला. कसं ते तू बघ. पण मी येते.’

मी उडालेच. आई हट्टाने काही म्हणते आहे, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, चवताळलीय म्हातारी. लेकाला तोंडावर सुनवायला निघालीय.

सामान हलवणारे दोन गडी सांगितले. फ्रिज आणि कपाटं उतरवणारी माणसं ती, त्यांना काय, म्हातारी म्हणजे हलकंच काम. आईला हाताच्या खुर्चीत बसवलं, कमरेला ओढणी बांधली. तेवढ्यात ती म्हणाली, ‘माझ्या चपला कुठायत?’

‘खुर्चीतून जायचंय तुला, चपला काय करायच्यात?’

‘दे ना.’

कपाटावरून काढल्या, धूळ पुसली, दिल्या. तिने त्या वाकून स्वतः घातल्या, तेवढ्याने तिला धाप लागली. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली. ‘नीट धरा रे, पोतं आहे का ते!’ मी वरून ओरडत होते. मला वाटलं, आई भ्याली असेल. आई भ्याली-बियाली नव्हती. ती प्रत्येक मजल्यावरच्या दारांकडे बघत होती, कुठल्या दारावर नवीन पाटी आली ते.

खाली टॅक्सी उभी होती, पण आई खुर्चीतून उठेना. ‘थांबा जरा,’ म्हणाली. रस्त्याच्या कडेला बसून राहिली, चपला जमिनीला टेकवून. कोपऱ्यावर पूर्वी चष्म्याचं दुकान होतं, तिथे मोबाइलचं झालंय.

‘हे कधी झालं?’ तिने विचारलं.

‘झालं असेल कधीतरी. मला काय माहीत?’

‘तू रोज इथूनच जातेस ना?’

‘मी काय दुकानं बघत हिंडते का, आई? चल, उशीर होतोय.’ टॅक्सीवाला तोंड वाकडं करून बघत होता. मी तिला जवळजवळ ढकलूनच आत बसवलं.

कार्यालयात भाऊ आधीच येऊन बसला होता, बायकोला घेऊन. भावजयीचं डोकं फोनमध्ये. मला बघून ‘या ताई’ म्हणाली, जसं काही हे तिचंच घर. आमच्या कार्यालयातली सगळी जमली होती, होकाराला जमतातच, चहा फुकट असतो. आईला मध्ये बसवलं. भावाने तिच्या पायाला हात लावला आणि माझ्याकडे असं बघितलं, की आता बघू. मीही बघितलं.

कानसेननी आधी त्याचं वाक्य वाचलं, सावकाश, एकेक शब्द मोकळा करून. मुंग्यांशी पोचले तेव्हा कुणीतरी फसकन हसलं. भावाचे कान लाल झाले.

‘हे मी गमतीत म्हटलं होतं.’

‘गमतीतलं चालतं,’ कानसेन म्हणाले. ‘म्हणालात ना?’

‘ताईने मुद्दाम हे उचललंय. मी काय एवढंच बोललो का?’

‘ते नंतर. हे तुमचं की नाही?’

तो दातओठ खात म्हणाला, ‘होय, माझं.’ भावजयीने फोनमधून मान वर काढून नवऱ्याकडे एकदा पाहिलं. त्या एका नजरेने माझ्या जिवाला जो गारवा वाटला, तो त्याच्या टॉवरच्या वाऱ्यालाही नसेल.

मग आईची पाळी. कानसेननी खुर्ची तिच्या जवळ ओढली आणि वाचलं, ‘मरेपर्यंत मी त्या टॉवरची पायरी चढणार नाही.’

भाऊ पांढराफटक पडला. त्याला लागलं होतं, आरपार लागलं होतं. तो आईकडे बघत होता, लहानपणी मार खाल्ल्यावर बघायचा तसा. मी बशीतलं बिस्किट उचललं.

‘हे कोणाचं?’ आईने विचारलं.

‘तुमचं, असं इथे आहे.’

‘माझं नाही.’

बिस्किट माझ्या हातातच राहिलं. ‘अगं आई, त्या दिवशी नाही का तू...’

‘मला बोलू दे गं,’ ती म्हणाली. ‘मी असं म्हटलेलं नाही. मला कोणी विचारलेलंच नाही.’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकटे कानसेन बघत नव्हते. त्यांनी पेन काढलं आणि ते वाक्य खोडलं, एका सरळ रेघेत. या कार्यालयात माझे केस पांढरे झालेत. माझं वाक्य कधी कुणी खोडलेलं नव्हतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पण कानसेनची सवय काही सुटेना. समोर बोलणारं माणूस बसलंय म्हटल्यावर ते थोडेच सोडणार?

‘मग तुम्ही काय म्हणता त्या इमारतीला?’ त्यांनी आईला विचारलं.

‘काही म्हणत नाही. बघते.’

‘काय बघता?’

‘माणसं खाली येताना दिसतात,’ आई म्हणाली. ‘दार उघडतं आणि बायका बाहेर येतात. हातात पिशवी असते. एक माझ्याच वयाची आहे, काठी घेऊन येते. दिवसातून कितीदा तरी येते हो! येते, बाकावर बसते, परत वर जाते. काही काम नसतं तिला.’ मग ती थांबली आणि स्वच्छ म्हणाली, ‘मला तिचा फार राग येतो.’

कुणी हसलं नाही. कानसेन म्हणाले, ‘उंच आहे ना फार ती इमारत?’

‘उंच कशाला म्हणायचं ते तुम्ही शिकलेली माणसं जाणे. मला विचाराल तर, जिथून खाली उतरता येत नाही ते उंच. तसं आमचं घर आहे. याचं नाही.’

भाऊ ताडकन उठला. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर जिंकल्याचा माजही. ‘ऐकलंस ना ताई? ऐकलंस? मी किती दिवस बोंबलतोय...’

‘तू गप्प बस,’ आई म्हणाली. आमच्या आईचा असा आवाज मी ऐकलेला नव्हता, त्यानेही नव्हता, तो मटकन खाली बसला. ‘दर रविवारी जिना चढून आलास आणि हिच्याशी भांडून गेलास. एकदा तरी म्हणालास, आई, धर माझा हात, जरा खाली जाऊन येऊ? तुला न्यायचंच होतं, तर जिन्याच्या तोंडापर्यंत तरी न्यायचं होतंस.’

तो स्वतःच्या बुटांकडे बघत बसला.

‘आजच येते तुझ्याकडे,’ आई म्हणाली. ‘आता परत तो जिना नको.’

आणि काय सांगू, माझ्या भावाची त-त-प-प झाली! ‘आज? म्हणजे... आज लगेच? खोली अजून... तसं रविवारी नेईन ना...’ त्याने बायकोकडे बघितलं. मी मनात म्हटलं, आता कळेल आईला, किती पाण्यात आहेत हे लोक ते. आता भावजयीच्या तोंडून निघू दे ‘नाही’, आणि मी आईला टॅक्सीत घालून घरी नेते. त्या नाहीची मी इतकी वाट बघत होते की हातातलं बिस्किट मी मुठीत आवळत होते.

भावजयीने फोन पर्समध्ये टाकला. ‘खोलीत इस्त्रीचं टेबल आहे आणि ह्यांची ती व्यायामाची सायकल,’ ती म्हणाली. ‘एवढंच आहे. हलवू. चला आई, खाली गाडी आहे.’

मला तिचा इतका राग त्याआधी कधी आला नव्हता.

‘जा!’ मी ओरडले. सगळं कार्यालय ऐकत होतं, ऐकू दे. ‘जा, राहा त्या टॉवरमध्ये! एवढी वर्षं उरस्फोड केली मी, आणि ही चार बोटं हलवणार, सायकल बाजूला करणार, की झाली चांगली! मी काय तुला कोंडून ठेवलं होतं का?’

आई उठायच्या तयारीत होती, हात खुर्चीच्या हाताला. तिने माझ्याकडे बघितलं. तिला माझा राग आला असता तर मला चाललं असतं. तो आलेला नव्हता.

‘कोंडलं नाहीस गं,’ ती म्हणाली. ‘नुसतं खाली नेलं नाहीस.’

भावाने एका बाजूने धरलं, भावजयीने दुसऱ्या. दारापर्यंत ती चालत गेली. हळू गेली, पण गेली. मागे रिकामी खुर्ची उरली आणि माझ्या हातात बिस्किटाचा चुरा.

ते पान कानसेननी माझ्याकडून काढून घेतलं. रागावले नाहीत. ‘तुमचे पर्यायी शब्द ठेवलेत मी, ते चोख आहेत,’ एवढंच म्हणाले. चोख आहेत! जळले मेले पर्याय. मी पुढे बरेच दिवस भावाकडे फिरकले नाही. त्याचे फोन आले, घेतले नाहीत. भावजयीचा आला, तो तर कापलाच. मला खात्री होती की आई परत येणार. तिथे तिला करमणार नाही, एकविसाव्या मजल्यावर तिला गरगरेल, सुनेशी खटके उडतील, आणि मग ती माझं नाव काढेल. रोज घरी आले की खिडकीत बसून मी त्या टॉवरकडे बघायचे. इतक्या लांबून कुणाचं तोंड ओळखू येत नाही.

कोणी काही नाव काढेना, तेव्हा मीच गेले. नुसती गेले नाही, तयारीने गेले. तळमजल्यावर एक घर बघून ठेवलं होतं, दोन खोल्या, पुढे अंगण नाही पण दारातून पाय टाकला की रस्ता. वाटेत सगळं भाषण पाठ केलं. आई, झालं गेलं विसर. आई, मला कळलं नाही. आई, तुझं तू ये-जा कर, मी एका शब्दाने विचारणार नाही. फाटकाशी रखवालदाराने अडवलं, कोणाकडे, कितव्या मजल्यावर. त्याच्याशी माझं वाजणारच होतं, इतक्यात समोर लिफ्टचं दार उघडलं आणि आई बाहेर आली.

एकटी होती. हातात काठी होती, खांद्याला पिशवी. ओठ घट्ट मिटून, एकेक पाऊल टाकत, ती नाकासमोर बघत येत होती. मी समोर उभी राहिले तेव्हा तिला दिसले.

‘अगं, तू?’ ती म्हणाली. ‘बारीक झालीस.’

‘चल घरी,’ मी म्हटलं. पाठ केलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. ‘तळमजल्यावर घर बघितलंय मी. चल.’

‘बरं केलंस,’ ती म्हणाली. ‘तुलाही तो जिना आता झेपत नाही. बघू आपण. वर जाऊन बस, चहा घे, ती आहे घरात. मी जरा पाय मोकळे करून येते.’

‘मी येते बरोबर.’

‘नको,’ ती म्हणाली. ‘तू फार भरभर चालतेस.’

आणि गेली. फाटकातून बाहेर पडली, डावीकडे वळली, थांबली नाही, मागे बघितलं नाही. मला रडू फुटलं. रखवालदारासमोर फुटलं म्हणून त्याचा वेगळा राग आला. त्याने बसायला स्टूल पुढे केलं.

‘येतील आता, काळजी नको,’ तो म्हणाला. ‘पूल येईपर्यंत जातात आणि परततात. आज वारा आहे, म्हणजे चिंचेच्या झाडापर्यंतच.’

त्याला मी तोंडावर फटकारणार होते, की बाबा, माझी आई आहे ती, तिचं मला तू शिकवू नकोस. तोंड उघडलंही होतं. पण इथे पूल कुठे आहे, ते मला माहीत नव्हतं.